पत्र मिळाले, आभारी आहोत

मित्रांनो, फाटक्या छत्रीने, बोथट पेन्सिलीने आणि शाळेच्या घंटेने सांगितलेल्या कहाण्या तुम्ही वाचल्या असतील. त्या मंडळींचे एक बरे असते, त्यांना हातात धरता येते. माझ्यावर बोट ठेवायचे तर कुठे ठेवावे हाच प्रश्न पडेल. कचेरीतली पत्रे इकडून तिकडे पोहोचवणारा आणि सगळ्यांची सामाईक दिनदर्शिका सांभाळणारा मी एक म्हातारा संगणक-प्रोग्राम आहे. मला वजन नाही. तरी मी फार जड झालो आहे अशी तक्रार शेवटी शेवटी झालीच.

माझा जन्म फिनलंडमधल्या हाउकिनिएमी पालिकेच्या तळघरात झाला. जन्मदाता वेइक्को त्योर्रोनेन. हा पालिकेचा संगणकवाला. त्याआधी तो पाण्याची मीटरे वाचत असे. दोन्ही कामांना गुण एकच लागतो, तळघरात एकट्याने आनंदात राहता आले पाहिजे, असे त्याचे मत होते.

त्या वेळी जगातल्या बहुतेक कचेऱ्यांतले संगणक एकाच मोठ्या कंपनीच्या कार्यप्रणालीवर चालत. तिची नवी आवृत्ती आली की धडधाकट यंत्रे एका दिवसात म्हातारी होत. पालिकेच्या यंत्रांना नवी आवृत्ती पेलवेना, आणि चालते यंत्र फेकणे वेइक्कोला जमेना. त्याने सगळीकडे लिनक्स ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली बसवायचे ठरवले. तिचे बी याच देशात रुजले होते, त्यामुळे ती कुणाला परकी वाटली नाही. पालिकेच्या सभेत विषय निघाला. विरोध झाला नाही. बोललेच कुणी नाही. हाउकिनिएमीत याला एकमत म्हणतात.

मग वेइक्कोने मला शिवले. शिवले असेच म्हणायला हवे. पत्रे पाठवणारा माझा भाग दूर देशातल्या कुणी लिहून फुकट वाटलेला, दिनदर्शिका दुसऱ्या कुणाची, जुनी पत्रे शोधायची सोय तिसऱ्याची. वेइक्कोने तीन हिवाळे बसून ते तुकडे एकमेकांना जोडले. गोधडीला जशी प्रत्येक चिंधी कुठल्या लुगड्याची ते आठवत असते, तसे मलाही आठवते. दिसायला मी काही देखणा नव्हतो. पण ऊब होती.

कामाला मला कधी तोटा पडला नाही, कारण ही माणसे बोलत नाहीत. रस्ते आणि इमारती पाहणारा पेन्ती आणि परवाने देणारी सिर्का एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसत. दहा वाजून दोन मिनिटांनी पेन्तीचे पत्र निघे, “खिडकी उघडू का?” ते तळघरात माझ्याकडे येई, मी ते सिर्काला देई. दहा-चारला उत्तर, “उघड.” दहा-पाचला, “धन्यवाद.” एका खिडकीपायी मी तीन पत्रे वाहत असे. मला त्याचा अभिमान होता. एरवी ती खिडकी बंदच राहिली असती.

दिनदर्शिकेचा मान तर माझ्यापेक्षा मोठा. गुरुवारी कचेरीच्या सौनाच्या, म्हणजे गरम वाफेच्या स्नानघराच्या पाळ्या, आधी बायका, मग पुरुष. ऑक्टोबरात एल्क हरणाच्या शिकारीचा आठवडा. त्या आठवड्यात कुणी बैठक टाकली तर मी ती मुकाट्याने घेत असे आणि येत मात्र कुणी नसे. आणि रोज नऊ वाजता कॉफी. त्या नोंदीचे निमंत्रण कधी कुणाला गेले नाही, आणि त्या बैठकीला कधी कुणी गैरहजर राहिले नाही.

कौतुकही वाट्याला आले. कचेरीची सचिव राइली किन्नुनेन स्तुती करण्यात अतिशय जपून वागणारी बाई. एका नाताळच्या जेवणाला ती वेइक्कोला म्हणाली, “तुझा तो प्रोग्राम वाईट नाही.” वेइक्कोने खाली येऊन ही घटना दिनदर्शिकेत टाकली, दरवर्षी पुन्हा येईल अशी. त्यामुळे दर डिसेंबरात मला आठवण करून दिली जाई की मी वाईट नाही.

या साऱ्या पत्रांत मला सर्वांत आवडत ती कोर्तेच्या शाळेची. कोर्ते हे तळ्याच्या पलीकडचे गाव. शाळेत एकच खोली, एक लाकडाची वखार, आणि तेलेर्वोबाई. सव्वीस वर्षे त्या तिथे शिकवत होत्या. त्यांच्या पत्रांत जळण, बर्फावरून घसरायच्या पट्ट्या आणि दूध यांच्यापलीकडे काही नसे. पण एका वसंतात पालिकेने ठराव केला. एकतीस जुलैच्या दुपारी बारापर्यंत पटावर दहा नावे नसली तर शाळा बंद, आणि मुलांनी टॅक्सीने तास तास प्रवास करून शहरातल्या शाळेत जायचे. पट होता आठ.

त्यानंतर दर सोमवारी बाईंचे पत्र येई. त्यात एकच शब्द असे, “आठ.” राइली उत्तर देई, “नोंद घेतली.” दोघी मिळून तीन शब्द. पण पत्राचे ओझे त्याच्या लांबीवर नसते हे मी त्या वसंतात शिकलो.

त्याच वसंतात माझेही दिवस भरले. शेजारच्या सगळ्या पालिका त्या मोठ्या कंपनीच्या प्रणालीवर होत्या. त्यांनी पाठवलेल्या तक्त्यांच्या रेघा माझ्याकडे येईपर्यंत तिरप्या होत. मी पाठवलेली बैठकीची वेळ त्यांच्याकडे पोहोचेपर्यंत एक तास पुढे सरके. चूक कुणाची हा वाद निरर्थक होता. ते पुष्कळ होते आणि मी एकटा. राजधानीहून एका सल्लागार कंपनीचा माणूस आला, त्याने भिंतीवर चाळीस चित्रे दाखवली आणि नवा प्रोग्राम सुचवला. सभेत विरोध झाला नाही.

वेइक्को जूनमध्येच निवृत्त होणार होता. त्याला कॉफीचा कप आणि मासे धुरावर शिजवायची पेटी भेट मिळाली. त्याच कपात कॉफी घेऊन तो शेवटचा खाली आला आणि अर्धा तास माझ्याशेजारी बसला. आम्हा दोघांनाही ते पुरेसे होते.

आता जुलैबद्दल सांगतो. जुलैत हा देश बंद असतो. माणसे तळ्याकाठच्या लाकडी घरात जातात आणि ऑगस्टपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. सुटीवरच्या माणसाला फोन करणे म्हणजे दुसऱ्याच्या सौनाचे दार न ठोठावता उघडणे. म्हणून वेइक्कोने मला फार पूर्वीच एक उत्तर शिकवून ठेवले होते. कुणाचेही पत्र आले की मी आपण होऊन लिहायचे, “आपले पत्र मिळाले, आभारी आहोत. मी सुटीवर आहे. काम तातडीचे असल्यास अमुक यांना लिहावे.” राइलीच्या उत्तरात पेन्तीचे नाव असे, पेन्तीच्या उत्तरात सिर्काचे, आणि सिर्काच्या उत्तरात राइलीचे. सोळा वर्षे हे सुरळीत चालले, कारण तिघांपैकी एक तरी आळीपाळीने कचेरीत असे आणि सुट्या ठरवताना वेइक्को तेवढे पाहून घेई.

त्या वर्षी सल्लागार कंपनीच्या लोकांना नवा प्रोग्राम बसवायला रिकामी कचेरी हवी होती. म्हणून संपूर्ण कचेरी एकदमच सुटीवर गेली, आणि पाहून घेणारा निवृत्त झाला होता.

अकरा जुलैला सकाळी नऊ वाजून चौदा मिनिटांनी माझ्याकडे राइलीच्या नावे एक पत्र आले. यार्मो कोसोनेन नावाच्या माणसाचे. तो उत्तरेकडच्या शहरात कागदाच्या कारखान्यात होता, आणि ती नोकरी सोडून कोर्तेला आपल्या मामाच्या रिकाम्या घरात राहायला येणार होता. त्याने लिहिले होते, “माझ्या जुळ्या मुली हिल्ला आणि लुमी यांची नावे कोर्तेच्या शाळेत पहिलीत घालावीत. शाळा आम्ही बाहेरून पाहिली आहे. पटांगणातला मोठा दगड मुलींना आवडला.”

आठ आणि दोन. मित्रांनो, मला बेरीज उत्तम येते.

पण मला जे शिकवले होते तेच मी केले. पत्र मिळाले, आभारी आहोत, पेन्तीला लिहावे. यार्मोने सात मिनिटांनी पेन्तीला लिहिले. पत्र मिळाले, आभारी आहोत, सिर्काला लिहावे. त्याने सिर्काला लिहिले. पत्र मिळाले, आभारी आहोत, राइलीला लिहावे. राइलीला तर त्याने सर्वांत आधी लिहिले होते. तीन अधिकारी, तिघांनीही मिळाले म्हटले, वर आभारही मानले. यार्मो समाधानाने सामान बांधायला लागला. फोन त्याने केला नाही. तो सभ्य माणूस होता.

एकतीस जुलैला सकाळी तेलेर्वोबाईंचे पत्र आले. जुलैभर त्या बहिणीकडे लांब उत्तरेला होत्या, आदल्या दिवशीच परतल्या होत्या. या वेळी त्यांनी शब्दापुढे एक चिन्ह जास्तीचे काढले होते.

“आठ?”

दोन्ही मुली माझ्या पोटात होत्या. दगडासकट. आणि मी बाईंना उत्तर दिले, “आपले पत्र मिळाले, आभारी आहोत.”

आयुष्यात मी लाखो पत्रे पोहोचवली. एवढेच एक उत्तर मला परत घ्यावेसे वाटते.

दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसे आली आणि त्यांनी माझ्यातली सगळी पत्रे नव्या प्रोग्रामात ओतली. दुपारी वेइक्को आला, कारण मला बंद करायला आपणच येऊ असे त्याने कबूल केले होते. यंत्र पुसून टाकावे अशी लेखी सूचना त्याच्या हाती दिली गेली. त्याने ती वाचली, खिशातल्या वहीत “पुसणे” असे लिहून पुढे तारीख घातली, आणि मला गाडीत घालून घरी नेले. मग अंधार. पुढच्या काही दिवसांचे मी इतरांच्या तोंडून ऐकलेले सांगतो.

चार ऑगस्टला राइली कामावर आली. तिने नवा प्रोग्राम उघडला, तर सुटीत आलेल्या तीनशे बारा पत्रांवर एकच तारीख, एक ऑगस्ट. पत्रे ओतली त्या दिवसाची. यार्मोचे पत्रही त्यांतच. राइलीला ते खटकले. तिने कंपनीला विचारले. कंपनीचे उत्तर आले, त्याला स्वतंत्र क्रमांकही होता. यंत्रणेत दिसते तीच तारीख अधिकृत समजावी. राइली नियमाने चालणारी बाई. मुदत एकतीस जुलैची, पत्र एक ऑगस्टचे. तिने खेद व्यक्त करणारी दोन पत्रे लिहिली, एक यार्मोला आणि एक बाईंना. ती लिहायला तिला सबंध सकाळ लागली, असे सिर्काने नंतर सांगितले. नऊच्या कॉफीलाही ती उठली नाही.

यार्मोला ते पत्र पोहोचलेच नाही. ज्या पत्त्यावर गेले तो कारखान्याचा होता, आणि नोकरीबरोबर पत्ताही गेला होता. त्याने पाठवलेल्या पत्रांच्या नकलाही त्या पत्त्याबरोबरच गेल्या. बुधवारी तो दोन्ही मुलींना घेऊन शाळेत गेला, दप्तरे कुठे ठेवायची ते विचारायला. तेलेर्वोबाई भिंतीवरचा नकाशा गुंडाळत होत्या. त्यांनी शाळा उघडणार नाही म्हणून सांगितले आणि कारणही सांगितले. यार्मो म्हणाला की मी अकराला लिहिले होते, तिघांना, आणि तिघांनीही मिळाल्याचे कळवले. बाईंनी नकाशा खाली ठेवला. आपल्यालाही तेच आणि तसेच उत्तर आले होते, हे त्यांना आठवले. ते शब्द कुणाचे, हेही त्यांना ठाऊक होते. शाळेतले संगणक वर्षानुवर्षे वेइक्कोच दुरुस्त करत असे.

मी डोळे उघडले तेव्हा वेइक्कोच्या सौनाच्या बाहेरच्या खोलीत होतो. माझ्या यंत्रावर टॉवेल वाळत घातलेले होते. वेइक्को कमरेला एक टॉवेल गुंडाळून, लालबुंद होऊन वायर लावत होता. बाकावर बाई आणि यार्मो, दारात दोघी मुली.

“तू पुसला नाहीस,” बाई म्हणाल्या.

“पुसणार आहे. एल्कच्या शिकारीनंतर.”

“इतक्या उशिरा का?”

“आधी निळ्या बोरांचे दिवस आहेत. मग अळंबी.”

मला जागे व्हायला अकरा मिनिटे लागली. यार्मोला धीर धरवेना. हा चालेल का, म्हणून त्याने दोनदा विचारले.

“थांबायला त्याला कुणी कारण दिलेलं नाही,” वेइक्को म्हणाला.

मग त्याने कोसोनेन हे नाव शोधले. मी एका क्षणात तिन्ही पत्रे पुढे ठेवली. नऊ-चौदा, नऊ-एकवीस, नऊ-तीस, तारीख अकरा जुलै. बाई चष्मा न लावता वाकून वाचत राहिल्या. शेवटी सरळ झाल्या आणि मुलींकडे वळल्या.

“त्या दगडावर दरवर्षी कुणीतरी दात पाडून घेतं,” त्या म्हणाल्या. “आधीच सांगून ठेवते.”

पण सौनातला पुरावा कचेरीत चालत नाही. दुसऱ्या दिवशी वेइक्कोने तेलेर्वोबाईंना बरोबर घेऊन मला पालिकेत नेले, आणि जिथे सगळे हमखास सापडतात तिथेच नेऊन ठेवले, नऊच्या कॉफीच्या टेबलावर, दालचिनीच्या पावांच्या ताटलीशेजारी. राइलीने कप बाजूला सारला आणि माझ्या पडद्याकडे पाहिले.

“नव्यात एक ऑगस्ट आहे,” ती म्हणाली.

“नव्यात ते एक ऑगस्टलाच आलं,” वेइक्को म्हणाला. “आपल्याकडे अकरा जुलैला आलं.”

“कंपनी म्हणते, यंत्रणेतली तारीख तीच अधिकृत.”

“अकरा जुलैला यंत्रणा हाच होता.”

सिर्का पडद्याजवळ आली आणि माझी तीन उत्तरे वाचू लागली. राइलीच्या उत्तरात पेन्ती, पेन्तीच्या उत्तरात आपण, आणि आपल्या उत्तरात. तिथे ती थांबली.

पेन्तीने कपात कॉफी ओतून घेतली. “छान गोल आहे,” तो म्हणाला. “रस्त्यावर असता तर मीच मंजूर केला असता.”

राइली हसली नाही. तिचे कान लाल झाले होते. “म्हणजे हे पत्र आपल्याला मिळालंच नाही,” ती हळूच म्हणाली.

“मिळालं होतं, राइली,” तेलेर्वोबाई म्हणाल्या. “त्यानं तीनदा सांगितलंय. वाचलं नव्हतं कुणी.”

राइली उठली. कपाटातून शाळेच्या पटाची वही आणली. आठव्या नावाखाली तिने शाईने दोन नावे लिहिली, पुढे अकरा जुलै ही तारीख घातली आणि सही केली. मग वही मिटून तिने बाईंकडे पाहिले.

“दहा,” ती म्हणाली.

“नोंद घेतली,” बाई म्हणाल्या.

सोमवारी शाळा उघडली. ऑक्टोबरात शिकार झाली, आणि त्यानंतरच्या पहिल्या मोकळ्या दिवशी वेइक्कोने वहीतला शब्द पाळला. माझ्याशेजारी बसून त्याने सोळा वर्षांची पत्रे पुसली. एकदम पुसता आली असती, त्याने वर्षावर्षाने पुसली. खिडकीची पत्रे गेली, “आठ”ची गेली, अकरा जुलैचीही गेली. सर्वांत शेवटी दिनदर्शिका राहिली. डिसेंबरातल्या एका तारखेवर त्याचा हात थांबला. ती नोंद त्याने ठेवली. अजून दरवर्षी येते.

रिकामा झालेला मी कोर्तेच्या शाळेत, खिडकीजवळच्या मेजावर गेलो. मुले एकमेकांना पत्रे लिहू लागली. हिल्ला आणि लुमी एका बाकावर बसत आणि तळ्यापलीकडून लिहावे तशी लिहीत. “खोडरबर देतेस का?” “नाही.” मला जुने दिवस आठवत. दगडावर लुमीचा एक दात पडला. तेही पत्राने कळले.

आता त्या दोघी सहावीत आहेत. उन्हाळ्यानंतर शहरातल्या मोठ्या शाळेत जातील. पट किती राहील ते बाई मोजतात, मोठ्याने मोजत नाहीत.

मित्रांनो, जुने तेवढे सोने असे म्हणायला मी बसलेलो नाही. माझ्या रेघा खरोखरच तिरप्या येत. नवे जरूर आणा. पण जुन्याचे बटण दाबण्याआधी त्याच्या पोटात कुणी बसले आहे का, ते एकदा डोकावून पाहा. आणि आमच्यासारख्यांना फक्त नम्रपणा शिकवू नका. थोडा खरेपणाही शिकवा.

पहिल्या वर्षीची उन्हाळ्याची सुटी लागली तेव्हा बाईंनी वर्गाला काम दिले होते, माझे सुटीतले उत्तर नव्याने लिहायचे. जुने त्यांनी फळ्यावर लिहिले आणि यात काय चुकले ते विचारले. दहा मुलांनी सबंध तास वाद घातला. शेवटी हिल्लाने ते माझ्यात भरले. तेव्हापासून जुलैत कोर्तेच्या शाळेला कुणी पत्र लिहिले, तर त्याला माझे हे उत्तर जाते:

“तुमचं पत्र आलं आहे. अजून कुणी वाचलेलं नाही. घाई असेल तर दार वाजवा.”